सॉरीचं मूळ

अनसिंगच्या बाजारात माझ्या शेजारी इंद्रभानभाऊ भाजी घेऊन बसतात. काट्याशेजारी त्यांचा जाडजूड इंग्रजी शब्दकोश असतो. त्यांच्या मुलीने, तनुजाने, बारावीनंतर तो रद्दीत काढला आणि बापाने डोक्यावर घेतला. तेव्हापासून गिऱ्हाइकाला पाव किलो मिरचीबरोबर एका शब्दाची कुळकथा फुकट मिळते. मला तर दिवसभर मिळते, आणि दुकान सोडून उठताही येत नाही.

गेल्या हंगामाच्या शेवटी याच पुस्तकाने घात केला. सर्वांत देखण्या वांग्याला चिंधी बांधायची आणि ते बियाण्यासाठी झाडावरच पिकू द्यायचं, ही मळेवाल्यांची रीत. भाऊंच्या बायकोने, तुळसाबाईंनी, चार वांग्यांना चिंध्या बांधल्या होत्या. बियाणं त्यांच्या माहेरचं, धनजचं. आई गेल्यावर तिचं म्हणून तेवढंच उरलं होतं. भाऊ शब्द घोकत तोडणी करत होते. चारही वांगी पाटीत आली आणि विकली गेली, एक तर चिंधीसकट!

तुळसाबाईंनी बोलणंच टाकलं. ताटात भाकर यायची, पण तोंडातून शब्द येत नव्हता. भाऊंचा चेहरा पाहून मलाच वाईट वाटायला लागलं.

पुढचं मला तनुजाने सांगितलं. पाचव्या दिवशी भाऊ शब्दकोश घेऊन चुलीपाशी बसले.

"सॉरी," ते म्हणाले. "आता याचं मूळ आयक. लोकं धक्का लागला तरी सॉरी म्हनतात, फोनवर आयकू नाई आलं तरी म्हनतात, कोनाकडे मयत झाली तरी हेच. पन मुळात अर्थ हाय दुखनं. दुखऱ्या जागेले इंग्रजीत 'सोअर' म्हनतात, तो याचा सख्खा भाऊ. अन् 'सॉरो' म्हंजे दुःख. तो दिसते सारखाच, पन नात्यातला नाई."

पाच दिवसांनी तुळसाबाई बोलल्या. "मंग तुमाले दुखलं काय?"

भाऊंनी शब्दकोश मिटला.

ते बियाणं आता एकाच घरी होतं, धनजला मेहुण्याकडे, जगदेवकडे. तीन वर्षांपूर्वी जगदेवच्या मुलीच्या लग्नात भाऊंनी भर मांडवात पत्रिकेतल्या इंग्रजी चुका लाल पेनाने काढून दाखवल्या होत्या. तेव्हापासून येणं-जाणं बंद. तरी दुसऱ्या दिवशी भाऊ धनजला गेले. जगदेवने ती पत्रिका जपून ठेवली होती. गल्ली गोळा करून त्याने भाऊंना ओट्यावर उभं केलं आणि पत्रिका मोठ्याने वाचायला लावली, छापली तशी, चुकांसकट. प्रत्येक चुकीला भाऊंचा चेहरा दाढ उपटल्यासारखा व्हायचा. पण त्यांनी एकही अक्षर सुधारलं नाही.

संध्याकाळी बियांची पुरचुंडी त्यांनी तुळसाबाईंपुढे ठेवली. ओट्यावरची हकिकत फोनवरून आधीच पोचली होती.

"दुखलं?" तुळसाबाईंनी विचारलं.

"लय."

तुळसाबाईंनी बिया तळहातावर घेतल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "भाकर टाकतो."