एका हाताने उघडणारं दार

ओवी आणि ईशान, तुमच्या या आजीच्या घरी वरच्या खोलीत एक भाडेकरू राहायची. ती कुठल्याही खोलीत शिरली की आधी जमिनीवर बसायची. आपली खोली बघायला आली तेव्हाही बसली, आणि मग चक्क कुशीवर आडवी झाली. उन्हातून आली आहे, घेरी आली असेल, म्हणून मी पाणी आणायला वळले. तर आडवी राहूनच म्हणते, "काकू, इथून आभाळ दिसत नाही हो."

मी म्हटलं, "आभाळ बघायला गच्ची आहे. खोली झोपायला असते."

"उभ्याने घर बघतात ते विकत घेणारे," ती हसून म्हणाली. "बाळंतीण आडवी होऊन बघते."

ती स्वतः बाळंतीण नव्हती. तिचं लग्नही झालेलं नव्हतं. लोकांनी तिला नाव ठेवलं खोलीवाली, आणि तेच चिकटलं. पाटोद्याकडची मुलगी. पुण्यात घरांची आतली रचना शिकून आलेली. तिच्या कामाला कुणी सजावट म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा.

तिला काय करायचं होतं ते तुम्हाला समजावून सांगायला हवं. आपल्याकडे लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. पण दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातली निम्मी गावं ऊस तोडायला निघून जातात. अशा घरच्या लेकीचे दिवस थंडीत भरले, तर ती जाणार कुठे? "माहेरालाच कुलूप, काकू," खोलीवाली म्हणायची. "मग एक उघडं माहेर कुणीतरी बांधायला नको?" वडवणीच्या एका संस्थेची इमारत रिकामी पडली होती. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी भाषण करून ती हिच्या हवाली केली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

तिची दुसरी सवय म्हणजे ज्वारीचं गाठोडं. तान्ह्या बाळाच्या वजनाची ज्वारी फडक्यात बांधून ती काखोटीला मारायची आणि उरलेल्या एका हाताने सगळं करून बघायची. नळ सोडायचा, कडी काढायची, पाणी तापवायचं. एकदा ते गाठोडं घेऊन माझ्या स्वयंपाकघरात फिरली. माझं स्वयंपाकघर कसं लागलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. डबे उंचीप्रमाणे, झाकणं घट्ट. सगळं बघून म्हणाली, "काकू, सुरेख आहे. पण इथे दोन्ही हात रिकामे असलेलीच बाई जगेल." दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

वडवणीच्या कामावर सविता नावाची एक मुलगी विटा वाहायला येई. तिला दिवस गेलेले होते आणि थंडीतच भरणार होते. खोलीवालीने पहिली खोली तिच्याच मापाने केली. सविताला भिंतीशी बसवायची, हात लांब करायला लावायची आणि जिथे बोटं टेकतील तिथे फळी.

"ताई, तुमचं लगीन न्हाई, लेकरू न्हाई," सविता खिदळायची, "आन पाळणा किती उंच पायजे ते आमाला इचारता!"

"मला येत असतं तर विचारलं असतं का?"

खिडक्यांवरून मात्र गंमत झाली. बसलेल्या बाईला बाहेरचं दिसावं म्हणून तिने खिडक्या अगदी खाली घेतल्या. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते, तर कामावरच्या बायांनी त्यांत पोती कोंबलेली. "बाळंतिणीला वारं लागंल. आन रस्त्यावरचं कोन बी डोकावंल," म्हणाल्या. ती वाद घालत बसली नाही. खिडक्यांना तिने लाकडी झडपा लावल्या, एका हाताने सरकणाऱ्या, कडी आतल्या बाजूने. "उघडायचं की लावायचं, ते आतली बाई ठरवेल." सविताने झडप दहा वेळा उघडली आणि लावली. मी तिथेच होते. आपल्या हाताने काही बंद करता येतं, याचा एवढा आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

घर तयार झालं आणि अण्णा बघायला आले. सविताच्या खोलीत बसले, टेकले, डोळे मिटले. "लई गार वाटतंय हितं. हवा काय खेळती!" मग सगळं न्याहाळत म्हणाले, "एवढं चांगलं तोडीच्या बायांला? चार दिसांत वाट लावतील." आम्ही ते बोलणं हसण्यावारी नेलं. आठवड्याने निरोप आला. अण्णांची लेक पुण्याहून पहिल्या बाळंतपणाला येते आहे, घरी दिवसभर कार्यकर्त्यांची वर्दळ, तेव्हा यंदा हे घर तिच्यासाठी. एका खोलीत ती, बाकीच्यांत नर्स, स्वयंपाकीण, पाहुणे.

संस्थेत एकानेही ब्र काढला नाही. लेक माहेरी येते म्हटल्यावर कोण बोलणार? मी अण्णांकडे गेले. त्यांनी चहा मागवला, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "मॅडम, तुमी तर शिकलेल्या. पोटच्या लेकीला माहेरी येऊ नको म्हनू का? बाकीच्यांचं फुडल्या साली बघू." आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं मी. आणि त्या दिवशी चहा संपवून घरी परत आले.

अण्णांची लेक गाडीतून उतरली. पाय सुजलेले, चेहरा घाबरलेला. झडप कशी सरकवायची ते खोलीवालीनेच तिला शिकवलं. मी चिडले, तर म्हणाली, "तिचा काय दोष? तिचीही पहिलीच खेप आहे."

सविता ऊसतोडीच्या टोळीबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून गेली. नवरा निघाला, आईबाप आधीच तोडीला गेलेले, मागे तिचं करणारं कुणी नव्हतं. तिचं बाळ उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत जन्मलं. खोलीवाली तिला भेटायला गेली. कोपीत शिरायचं तर रांगावं लागतं, आत चुलीचा धूर. उलट सविताच तिला समजावत होती, "ताई, कावून तोंड पाडता? लेकरू जगलं की." परत आल्यावर एवढंच सांगून ती वर गेली आणि जेवायला उतरली नाही.

पुढचं साल आलं. अण्णांच्या लेकीचं बाळंतपण कधीच झालं होतं, पण तोवर मोठमोठे पाहुणे त्या गार खोल्यांना सरावले होते. आता दारावर विश्रामगृह अशी पाटी आहे. तिथे पुढारी दुपारची वामकुक्षी घेतात. झडपा आतून लावून.

खोलीवाली पुण्याला परत निघाली, तेव्हा मी तिला बीडच्या स्टँडवर पोचवायला गेले. मनातलं सगळं बोलून टाकलं. अण्णांना, संस्थेला, टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांना नावं ठेवली. ती पुण्याची गाडी लागायची वाट बघत होती.

"चुकलं माझंच, काकू," ती म्हणाली. "खोली वाईट केली असती, तर ती सविताकडे राहिली असती. पुढची वाईट करीन. इतकी वाईट, की कुणाला घ्यावीशीच वाटणार नाही."

मी म्हटलं, "तुला जमायचं नाही."

"शिकेन," ती म्हणाली, आणि गाडीत चढली.