पाच महिन्यांची ऋजुता आणि कुरखेड्याचा वैशाख

मे महिन्यात तान्हे मूल घेऊन गडचिरोलीला जाऊ नये, असे मला निदान पंधरा जणांनी सांगितले. कारण मात्र एकालाही धड सांगता आले नाही, आणि ज्या मताला कारण नाही ते मी विचारात घेत नाही. माझा नवरा निखिल कुरखेडा तालुक्यात एका पुलाच्या कामावर आहे. पावसाळ्याआधी खांब उभे राहायला हवेत, त्यामुळे त्याला रजा नाही. त्याने लेकीला शेवटचे पाहिले तेव्हा ती मान धरत नव्हती. आता ती कुशीवर वळते. हे त्याने फोनच्या पडद्यावर पाहावे, हे मला मान्य नव्हते. शिवाय इमारतींतली उष्णता हाच माझा शिकवण्याचा विषय आहे. ऊन मला नवे नाही, असे सांगून मी निघाले.

पुण्याहून रेल्वेने चंद्रपूरला सकाळी सहाला पोहोचले. ज्यांना जायचेच आहे त्यांनी वातानुकूलित डबाच घ्यावा. अन्य डब्यांतले पंखे फक्त गरम हवा ढवळतात. स्थानकाबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तर्री उत्तम, पोहे जास्त भिजलेले. गाडीचे भाडे आदल्या दिवशीच फोनवर ठरवले होते, तेच करावे. चालक शालिकभाऊ पन्नाशीचे, अबोल आणि वेळेचे पक्के, त्यामुळे मला लगेच पसंत पडले.

मूल गावापर्यंत रस्ता सरळ आणि सावलीचा आहे. पुढे वैनगंगेच्या पुलावरून पाहिले, तर एवढ्या रुंद पात्रात पाण्याची एकच बारीक धार उरलेली. गडचिरोलीत नऊला पोहोचून मी ऋजुताला पाजले. गावात नवी घरे झाली आहेत, आणि त्यांच्या खिडक्या बिनदिक्कत पश्चिमेकडे आहेत. वर पत्रा. अशा घराचा आराखडा माझ्या विद्यार्थ्याने आणला असता तर मी तो परत केला असता.

आरमोरी ओलांडल्यावर गाडीचा एसी बंद पडला. शालिकभाऊंनी झाडाखाली गाडी लावून तासभर खटपट केली. शेवटी हात पुसत म्हणाले, "नाई होत, बाई. काच खाली करून जाऊ." काच खाली केली आणि भट्टीचे तोंड उघडावे तसा वारा आत आला. मी ऋजुताच्या टोपलीवर जाड टॉवेल टाकला, तो सगळीकडून नीट खोचला. थोड्या वेळाने आतले रडणे थांबले. झोप लागली असे मला वाटले. टॉवेल उचलला तेव्हा तिचे गाल लालबुंद होते, डोळे अर्धे मिटलेले, आणि सात वाजता बांधलेला डायपर अजून कोरडा होता.

"शालिकभाऊ, गाडी थांबवा. सावली दिसेल तिथे."

रस्त्याला लागूनच एक गाव होते. पहिल्याच घरापुढे बांबूंवर जांभळाच्या हिरव्या फांद्या टाकून मांडव घातलेला, आणि खाली चार बायका तेंदूपत्त्याच्या जुड्या बांधत बसलेल्या. पहाटे जंगलातून पाने तोडून आणायची आणि ऊन चढले की मांडवात बसून बांधायची, हा तिथला मे महिना. एकीच्या पायाच्या अंगठ्याला दोरी होती. दोरीचे दुसरे टोक जुन्या लुगड्याच्या झोळीला. हात जुड्या बांधत होते, पाय मूल झोपवत होता.

तिच्याशेजारची वयस्क बाई उठली. सगळ्या तिला सुमनबाई म्हणत होत्या.

"काऊन वं बाई, एवढ्या उन्हात लेकराले कुठी घेऊन चालली?"

मी उत्तर देईपर्यंत तिने ऋजुताच्या मानेमागे तळहात लावला होता. "तापली न पोरगी. हे प्लास्टिक काढा आधी. कवा पाजलं तिले?"

"नऊला. आता बाराला पाजायचंय."

"तुमी घड्याळ पाहून पाणी पेता काय?"

मांडवात हशा पिकला. अंगठ्याला दोरी बांधलेली म्हणाली, "शिकलेली बाई हाय, वाजल्याबिगर तहान नाई लागत तिले!"

"हसू नका वं," सुमनबाई म्हणाली, "तोंड पाहा तिचं."

माझे तोंड कसे दिसत होते मला ठाऊक नाही. मी शालिकभाऊंना सांगितले, "गाडी चालूच ठेवा. दहा मिनिटांत हिने दूध ओढलं नाही, तर आरमोरीच्या दवाखान्यात परत." ते मान हलवून गाडीत जाऊन बसले.

एकीने वाटीत साखरपाणी आणले. ते मी नाकारले: सहा महिन्यांच्या आत आईचे दूधच. "बराबर हाय," सुमनबाई म्हणाली, "आशाताईबी हेच सांगते." ती माठात फडके बुडवू लागली, तर मीच म्हटले, एकदम गार नको. तिने सावलीतल्या बादलीतले पाणी घेतले, पिळलेल्या फडक्याने ऋजुताच्या काखा, मांड्या आणि मान पुसली. बाकीच्या दोघींनी लुगडे धरून माझ्यापुढे आडोसा केला.

पहिल्यांदा तिने तोंडही उघडले नाही. दुसऱ्यांदा लावले आणि सोडले. मी ओल्या बोटाने तिचे ओठ चोळले. घड्याळ पिशवीत होते. किती मिनिटे गेली हे आडोशापलीकडच्या गाडीच्या घरघरीवरूनच मोजत होते. मग तिने ओढायला सुरुवात केली, आधी बिचकत, मग अशा हावरेपणाने की मला दुखले. मी रडले.

पुन्हा पाजले, पुन्हा पुसले. तासाभराने सुमनबाईच्या मांडीवर उघडी पडलेली ऋजुता तिथूनच जुड्यांवर मुतली.

"झालं!" सुमनबाई ओरडली. "पोरगी बरी हाय! एक जुडी गेली तं गेली!"

ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. मी तो मांडव व्यावसायिक नजरेने पाहिला आणि मला त्यात दोष सापडला नाही. पाने ओली, फटींतून वारा मोकळा, छाया दाट, जमीन शेणाने सारवलेली. संध्याकाळी कुरखेड्याला पोहोचलो. निखिल रस्त्यावरच उभा होता. ऋजुता त्याच्याकडे पाहून कुशीवर वळली नाही. तिने त्याचा चष्मा ओढला. पुढचे आठ दिवस ती बहुतेक उघडीच, झोळीत राहिली. दुपारी आम्ही कुठेही गेलो नाही.

पुण्याला परतून डॉक्टरांना दाखवले. सर्व ठीक आहे. तुम्हाला या जंगलांत जायचे असेल तर डिसेंबरात जा. मे टाळता येत नसेल तर पहाटे निघा, दहाच्या आत मुक्कामी पोहोचा, बाळावर काही पांघरवू नका, ते मागेल तेव्हा पाजा.

निखिल आजही सगळा दोष गाडीच्या एसीला देतो. शालिकभाऊंना तो फोनवर बराच बोललासुद्धा, आणि मी शेजारी बसून ऐकले. ऋजुता आरमोरीच्या आधीपासून मूठ चोखत होती, तोंड माझ्याकडे वळवत होती, आणि गाडीत तेव्हा छान गारवा होता. मी तिच्या हातात खुळखुळा दिला, कारण बारा वाजायचे होते. हे मी त्याला अजून सांगितलेले नाही. निखिल, हे वाचून झाल्यावर शालिकभाऊंना फोन कर. मीही बोलेन.