काहिलीतून कोयना

काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, दोन माणसं आत आडवी होतील एवढी. गुऱ्हाळ बंद असलं की ती पालथी पडून राहते. पण पूर आला की आमच्याकडे तीच सुलटी करून नदीत लोटतात आणि माणसं पैलतीराला पोचवतात. ओलांडायला ती उत्तम. धारेबरोबर खाली जायला ती कुणी वापरत नाही, आणि का वापरत नाही हे विचारायची अक्कल आम्हा दोघांना नव्हती.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची गोष्ट. दसरा होऊन गेला होता. माझ्या चुलत्यांनी पाटणच्या वरच्या अंगाला एका गावात जुनी काहील घेतली होती आणि ती कराडजवळ आमच्या मळ्यात आणायची होती. बैलगाडीनंच आण, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. दोनदा बजावलं की मोडायचंच, असा तेव्हा माझा बाणा होता. सोबतीला मी माझ्या मित्राला धरलं. त्याचे वडील फौजेतून हवालदार होऊन परतलेले, आणि त्यालाही फौजेतच जायचं होतं. साताऱ्याची भरती पंधरा दिवसांवर आली होती. तो रोज पहाटे डोंगर चढून उतरायचा आणि त्याची आई दर सोमवारी सुतळीनं त्याची छाती मोजायची. त्या घरात दुसरा विषयच नव्हता. नदीनं जाऊ म्हटल्यावर तो म्हणाला, भरतीआधी असले उपद्व्याप नकोत. मी त्याला भित्रा म्हणालो. तेवढ्यावर तो आला.

पहिला कोसभर मजा आली. काहील गरगर फिरत होती, आम्ही बांबूनं दगड चुकवत होतो आणि काठावरच्या धुणं धुणाऱ्या बाया आम्हाला शिव्या घालत होत्या. मग पाणी उथळ आणि वेगानं पळायला लागलं. तळ खडकाला घासला की दातांपर्यंत झिणझिण्या यायच्या. दोनदा काहील एका बाजूला कलली आणि गुडघाभर पाणी आत आलं. पुढच्या वळणामागून आवाज येऊ लागला तेव्हा त्यानं बांबू रोवून काहील काठाला लावली आणि मला खाली उतरवलं.

वळणापलीकडे नदी काळ्या खडकांच्या सापटीतून खाली पडत होती. काहील इथंच ठेवू, उद्या गाडी घेऊन येऊ, असं तो म्हणाला. शहाणपण त्याच्याकडेच होतं. पण मला चुलत्यांचं तोंड दिसत होतं. रिकामी काहील दोर लावून हळूहळू खाली सोडू, एवढंच काम आहे, असं मी लावून धरलं.

सोबत आणलेला बैलाचा कासरा काहिलीच्या कडीला बांधला. तो पुढे खडकाच्या कडेवर, मी त्याच्यामागं, दोघांच्या हातात तोच कासरा. बैलाचा कासरा हाताला गुंडाळू नये हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ही काहील होती, बैल नव्हता, असं काहीसं आमच्या डोक्यात असावं. मीच मागून म्हणालो, "हाताला येढा घे, सुटाय नगं."

त्यानं उजव्या हाताला वेढा घेतला.

काहील सापटीत शिरली, आडवी झाली आणि पाण्यानं भरली. असा हिसका बसला की मी शेवाळावरून दोन हात पुढे ओढला गेलो. माझे पाय एका दगडाला अडले होते, हे मला आजही स्वच्छ आठवतं. मला धरून राहता आलं असतं. पण खालचं पाणी दिसलं, माझी पाचावर धारण बसली आणि मी कासरा सोडून दिला.

सगळा ताण त्याच्या एकट्याच्या हातावर गेला. तो छातीवर आपटला, कडेपर्यंत फरफटला. तेवढ्यात काहील खडकाला वळसा घालून खालच्या शांत पाण्यात गेली आणि कासरा सैल पडला. काहिलीला साधा पोचाही नव्हता. त्याच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मात्र बघवत नव्हतं.

हाताला टॉवेल गुंडाळून आम्ही सडकेपर्यंत चालत आलो आणि कराडची एसटी धरली. मी रडत होतो, तो नव्हता. घरी काय सांगायचं, एवढंच मी त्याला विचारलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बैलानं कासरा वढला म्हनू. काहिलीचं नाव काढू नगंस, तुझा चुलता तुला सोलंल." डॉक्टरांनी अर्धं बोट काढलं. दुसऱ्या दिवशी मी बैलगाडीनं काहील आणली आणि चुलते माझ्यावर खूश झाले.

तरीही तो भरतीला गेला. मीही गेलो सोबत. धावण्यात तो पहिल्या पाचांत आला. नंतर हात पुढे करायला सांगितले, आणि बंदुकीचा चाप ओढायचं बोट बघून त्याला रांगेतून बाहेर काढलं.

पुढं कित्येक वर्षं त्याचे वडील आल्यागेल्याला सांगायचे, "शेतकऱ्याचं प्वार हाय, आन् कासरा हाताला गुंडाळतंय." ते हे बहुतेक वेळा जेवताना काढायचे. तो मान खाली घालून चार बोटांनी भाकरी मोडत राहायचा. मी त्याच्या शेजारच्या पाटावर असायचो. त्याची आई मलाही आग्रहानं वाढायची, आणि मी जेवायचो.