देवळापुरती वापरलेली रेंगी
मोहफुलांचा वास आला की चांद्याकडची ती रेंगी, दोन बैलांची छोटी गाडी, आठवते. स्वराज्य नवंनवं होतं. धान वाहायला घरी खाचराची जड बैलगाडी होती, पण बैलांच्या शर्यतीला, शंकरपटाला, मिरवत जायला स्वस्तातली हलकी रेंगी घ्या, म्हणून मी वडिलांच्या मागे लागलो होतो. विकणारा म्हणाला, "बैलांसकट घ्या, भाऊ. ही रेंगी देवळाबिगर कुठीच नाई गेली." "मग इतकी स्वस्त काऊन?" म्हणत वडिलांनी मला शेजारी बसवलं आणि कासरा सैल सोडला. बैल असे उधळले, की वाटेतला वाघ धुळीनं खोकत बसला. थांबले ते थेट जंगलातल्या मोहाच्या दारूभट्टीपुढे. "देव इथीच राह्यते का जी?" वडिलांनी मागे बसलेल्या विकणाऱ्याला विचारलं. सौदा मोडला, मी आठवडाभर रडलो. आता कोणी देवळापुरतीच वापरलेली मोटार दाखवली, की मी आधी तिची गादी हुंगतो.