फुसाए काकीचा चहाचा डबा

फुसाए काकीला चहा कडू लागायला लागला, तेव्हाच मी घाबरायला हवं होतं.

ओइ नदीच्या वरच्या अंगाला आमच्या गावात माणूस जेवायचा थांबला तर कुणी फारसं विचारत नाही. चहा नको म्हणाला तर मात्र शेजारपाजार गोळा होतो. आणि ही तर फुसाए. सत्तरीची बाई, बुटकी, रुंद, तोंडानं फटकळ. डोळे झाकून चार कप पुढं ठेवले तर कुठला चहा कुणाच्या रानातला ते सांगायची, वर "ह्यानं औंदा पेंड कमी घातलीया" असा शेराही मारायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. पोरगी शिनोबु नागोयाला औषधांच्या दुकानात कामाला. राहिली काकी, तिचा उतारावरचा चहाचा तुकडा आणि भिंतीपलीकडची मी.

वसंत लागल्यापासून अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी खुडलेला चहा प्यालं की वर्षभर दुखणं फिरकत नाही, असं आमच्यात मानतात. लग्न होऊन आल्यापासून तो पहिला खूड काकीनं एकदाही चुकवला नव्हता. यंदा त्या दिवसाला सतरा दिवस उरले असताना मी तिचे डोळे बघितले.

आम्ही चहाच्या ओळींमधलं गवत काढत होतो. ऊन लख्ख होतं.

"काकी, माझ्याकडं बघ जरा."

"बघायला मी काय नवी नवरी हाय?"

"डोळं पिवळं झाल्यात तुझं."

"वय झालं की समदंच पिवळं हुतंय. दात बघ की." पण विळा धरलेला हात थांबला. मग हळूच म्हणाली, "मित्सु, चार दिस झालं. मुतायला बसलं की भाजक्या चहावानी काळपट उतरतंय."

ती हसली. मला काही हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी खालच्या गावातल्या इस्पितळात नेलं. डॉक्टर ओकुमुरा तरुण माणूस, पण नीट विचारणारा.

"कुठली औषधं घेता?"

"काय बी न्हाई."

"बाजारातल्या शक्तीच्या गोळ्या, चूर्ण, झाडपाला?"

"आमी चहावालं, डॉक्टर. चहा प्यायचा, काम करायचं."

"दारू?"

"नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला एक पेली."

"रानातली अळंबी वगैरे?"

"वळखल्याबिगर खायाला मी काय शहरातली हाय?"

रक्त काढलं. यकृताचा जो आकडा चाळीसच्या आत लागतो तो हिचा तेराशे निघाला. डॉक्टरांनी तिला ठेवूनच घेतलं. मी निघताना काकी म्हणाली, "पितरांच्या देव्हाऱ्याखाली चेरीच्या झाडाच्या सालीचा चहाचा डबा हाय, त्यो उद्या घिऊन ये. हितला चहा म्हंजी भांडी धुतल्यालं पानी."

मी आणून दिला. बिचारीला चहाची वासना तरी झाली, म्हणून मला बरंच वाटलं.

पण आकडा काही उतरेना. तेराशेचा साडेचौदाशे, त्याचा सतराशे. कावीळ पसरवणारे जंतू रक्तात सापडले नाहीत, पित्ताचे खडेही दिसले नाहीत. शिनोबु धावत आली. डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाजूला घेऊन सांगितलं, की रक्त गोठेनासं झालं किंवा त्या भ्रमात बोलायला लागल्या, तर मोठ्या इस्पितळात हलवावं लागेल. वेळ आली तर मुलीच्या यकृताचा तुकडा लावावा लागेल. शिनोबुचा हात आपोआप पोटाशी गेला.

मी घरी आले आणि काकीचं स्वयंपाकघर उपसलं. लोणच्याचं पिंप हुंगलं. आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोच्या बरणीत बोट घालून चाखलं. वाळवलेल्या रानभाज्यांची पुरचुंडी संशयानं फेकून दिली, मग ती मीच तिला दिल्याचं आठवलं. तीच भाजी आम्हीही खाल्ली होती. आरशात जाऊन मी माझे डोळे ताणून बघितले. नवरा म्हणाला, "आता तू पडू नकोस." पण त्यानंही नंतर चोरून आरसा बघितलाच.

डबा दिल्याला पाच दिवस झाले तेव्हाची गोष्ट. मी सकाळीच इस्पितळात पोचले. न्याहारी यायची होती. काकीनं घरच्या सवयीनं इस्पितळातल्या चहाचा पहिला कप खिडकीत नवऱ्याच्या नावानं ठेवला, हात जोडले आणि मग डबा हलवला. डब्यात खडखड झालं. चहाचा पाला असा वाजत नाही.

तिच्या तळहातावर चार हिरव्या गोळ्या होत्या.

"काय गं हे?"

"चहा."

"काकी!"

"चहाच हाय. शिनोबुनं धाडलाय. एका गोळीत धा कपांचा अर्क. थंडीतल्या तपासनीत ती नर्स म्हनली, चरबी वाढलीया, वजन उतरवा. वजन उतरलं न्हाई तर ह्यं गुडघं मला टेकाड चढू देनार हाईत का?"

"पाकिटावर चार लिवल्यात?"

"दोन. ते शहरातल्या मानसाला. आपुन जल्मभर चहावर वाढलो, आपल्याला दोनानं काय हुतंय?"

"आणि उपाशीपोटी?"

"पितरांच्या आदी जेवायचं व्हय? पयला चहा त्यास्नी, मग आपला, मग भात. तुज्या सासूनं शिकीवलं न्हाई?"

"अगं, डॉक्टरांनी विचारलं तवा बोलली का न्हाईस?"

"त्येनं औशिद इचारलं. चहा औशिद कवापासनं झाला?"

मी गोळ्या हिसकावून घेतल्या आणि डबा घेऊन पळत सुटले. पळताना एकच गोष्ट डोक्यात होती: हा डबा मीच आणून दिला होता.

डॉक्टरांनी गोळ्या हातात घेऊन उलटसुलट बघितल्या. मग म्हणाले, "कपातल्या चहाची मला भीती नाही. हृदयाला बरा म्हणतात, माझी आजीही पीत असते. पण अर्क म्हणजे चहा नव्हे. इतका अर्क, तोही रिकाम्या पोटी, काहींच्या यकृताला सोसत नाही. सगळ्यांनाच होतं असं नाही. हेच कारण असावं असं वाटतंय, पण खात्री आकडा उतरल्यावरच."

"कधी उतरेल?"

"ते यकृत ठरवेल."

शिनोबु खाटेशी उभी राहून रडायला लागली. "आई, मीच धाडल्या गं."

"तू दोन सांगितल्या हुत्यास. चार म्या गिळल्या. नाक पूस, आन डबा धुऊन आन. चांगला डबा हाय त्यो."

गोळ्या बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा आणखी चाळीसानं चढला. तिसऱ्या दिवशी तो जागीच होता. पाचव्या दिवशी चौदाशे झाला. काकी भ्रमात बोलते का ते बघायला मी तिला रोज शेजाऱ्यांची नावं विचारायची आणि ती प्रत्येकाला एकेक शिवी जोडून सांगायची.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी तिच्या वरच्या ओळीतला पहिला खूड मी घेतला. "नखानं तोडू नगंस, बोटाच्या पेरानं मोड," असं तिनं बजावलं होतं. माझ्या नवऱ्यानं पानं वाफवली, आम्ही दोघांनी मिळून मळली, वाळवली, आणि त्याच धुतलेल्या डब्यातून मूठभर नेली. त्या सकाळचा आकडा सहाशे चाळीस होता.

"घोटभर घेऊ का?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"इतक्यात नको. आकडा आणखी उतरू दे."

तिनं डब्यात नाक खुपसलं. "मित्सु, तुज्या दाल्ल्यानं वाफ जादा दिलीया." मग तिनं तो चहा करायला लावला आणि कप खिडकीत ठेवला. "त्येंला प्यायला काय हरकत न्हाई. त्येंचं यकृत कवाच जळलंय."

हात जोडून झाले तशी माझ्याकडं वळली. "आता डोळं बघ."

मी तिला उजेडाकडं वळवलं. पिवळे होतेच. कालच्यापेक्षा कमी होते का, ते मला सांगता येईना.