माश्यांना लावलेली कांद्याची गोडी

दिग्रसजवळच्या आमच्या वावरात मी बियाण्यासाठी कांदा लावला होता. कांद्याला फुलांचे गोंडे आले, पण मधमाशी फिरकल्याशिवाय त्यात बी भरत नाही. म्हणून उमरखेडकडच्या एका मधपाळाकडून दोन पेट्या आणून मी कांद्याच्या मधोमध ठेवल्या.

माश्या सकाळी पेटीतून निघायच्या, माझ्या गोंड्यांवरून उडत जायच्या आणि धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधाच्या पल्याड, उतरायच्या. पलीकडे माझ्या मोठ्या जाऊबाईंचा सांभार, म्हणजे धन्यांसाठी राखलेली कोथिंबीर, फुलला होता. पांढऱ्या फुलांचा तो वास मलासुद्धा ओढायचा, मग माश्यांना काय बोलणार!

जाऊबाई धुऱ्यावर उभ्या राहून हसायच्या. "काहून वं, घरी जेवाले देत नाही काय यायले? माह्याच वावरात पोट भरून राह्यल्या!"

मी चिडून मधपाळाला फोन लावला. त्याने शांतपणे समजावलं. माशी रस घेऊन पेटीत येते, तेव्हा तिच्याबरोबर फुलाचा वासही येतो. बाकीच्या माश्या तो रस चाखतात आणि तोच वास हुंगत बाहेर पडतात. "तुमच्या पेटीत आता सांभाराचा वास बसला, ताई. त्यायले घरातच कांद्याची गोडी लावा."

त्याने सांगितल्याप्रमाणे मी साखरेचा पाक थंड केला, त्यात कांद्याची फुलं भिजत घातली आणि दुसऱ्या दिवशी पाक गाळून स्टीलच्या जगात भरला. जग ओट्यावर ठेवून मी पेट्यांत पाक ठेवायच्या वाट्या धुवायला गेले. तेवढ्यात नवरा बाजारातून तहानलेला आला. परत येते तर त्याच्या हातात अर्धा रिकामा ग्लास आणि तोंड वाकडं.

"हे कायचं शरबत व्हय वं?"

"शरबत नोहे, माश्यायचं जेवण हाय!"

तो ग्लासाकडे बघतच राहिला. "मंग मले आता कांद्यावर जाऊन बसा लागते काय?"

मला इतकं हसू आलं की उरलेला पाकही सांडला असता. तो मात्र गुळाचा खडा तोंडात टाकून ओसरीत जाऊन बसला.

संध्याकाळी मी पेट्यांमध्ये पाक ठेवला. दुसऱ्या दिवशीही ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी वावरात गेले, तर एका गोंड्यावर तीन माश्या! पलीकडच्या गोंड्यावर दोन. मी नवऱ्याला एवढ्या मोठ्याने हाक मारली की त्याला वाटलं साप निघाला. सगळ्या काही वळल्या नव्हत्या, निम्म्या तरी अजून सांभाराकडेच जात होत्या. पण माझ्या कांद्यावर गुणगुण सुरू झाली होती.

जाऊबाईही धुरा ओलांडून आल्या. वाकून त्यांनी दोन-चार गोंडे पाहिले.

"काय जादू केली वं तू?"

मी सगळं सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "पण सगळ्या नको नेऊ बाई. माह्ये धने बी भराचे हायेत अजून."

तेव्हा कुठे मला कळलं की इतके दिवस चिडवणाऱ्या जाऊबाईंना माझ्या माश्यांची चांगलीच गरज होती. "नाही नेत, बाई," मी म्हणाले. पुढच्या खेपेला पाक करायचा तेव्हा मी मुद्दाम एक दिवस उशीर केला.

त्या वर्षी कांद्याचं बी छान भरलं आणि त्यांचे धनेही टपोरे झाले. यंदा त्यांनी स्वतःची पेटी आणली आहे. ती ठेवलीय अगदी धुऱ्यावर, तोंड माझ्या कांद्याकडे करून.