पाणी उंबऱ्यापर्यंत

कंपनीची बस हिंजवडीतल्या ऑफिससमोरून सकाळी साडेसातला निघाली आणि सव्वानऊला हिंजवडीतून बाहेर पडली. मुलीच्या सॉफ्टवेअर कंपनीने यंदा सहलीला कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांनाही न्यायचं ठरवलं होतं. नकार द्यायला सबब लागते. निवृत्त माणसाकडे ती नसते.

घाट चढून गेल्यावर एका वळणावर तलाव दिसला. काठावर लाल कौलांचं, चार मजली, राजवाड्यासारखं हॉटेल. मुलांनी कॅमेरे काढले. पाटबंधारे खात्यात सर्व्हेअर असताना, ऐन पंचविशीत, हे खोरं मी मोजलं होतं. तेव्हा इथे तलाव नव्हता, गाव होतं.

लॉबीत हॉटेलचा इतिहास फ्रेम करून लावला होता. कुणी गोरा साहेब शिकारीला आला, तलावाच्या प्रेमात पडला आणि त्याने इथे बंगला बांधला, असा. इंग्रज गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी हा तलाव झाला, ही अडचण मी मॅनेजरच्या कानावर घातली. तो फार नम्र होता. म्हणाला, पाहुण्यांना जुनं काहीतरी लागतं. आधी इथे धरणाच्या इंजिनिअरांचं विश्रामगृह होतं. ते पडल्यावर नव्वदनंतर एका बिल्डरने जागा घेतली, मग आयटीवाले येऊ लागले. खरा इतिहास त्याने लिफ्ट येईपर्यंत सांगून संपवला.

जेवणात पिठलं होतं. पुढच्या पाटीवर त्याचं इंग्रजी नाव दोन ओळींत लिहिलं होतं. चव बदलायचं मात्र राहून गेलं होतं.

दुपारी मुलं संघभावना वाढावी म्हणून रस्सी ओढू लागली, तेव्हा मी होडीत जाऊन बसलो. नावाडी पन्नाशीचा, नाव बबन. गाव कुठलं म्हणून विचारलं, तर त्याने वल्ह्याने खाली पाण्याकडे दाखवलं. तो नऊ-दहा वर्षांचा असताना गाव उठलं. लोणी काळभोरच्या पुढे जमीन मिळाली. आईने जातं आणि मोठी भांडी घरातच ठेवली होती, कारण मोजणीवाल्या साहेबांनी सांगितलं होतं की पाणी उंबऱ्यापर्यंतच येईल. उन्हाळ्यात येऊन नेऊ, असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. घर नेमकं कुठे होतं, ते आता त्याला ओळखू येत नव्हतं.

मला येत होतं. समोरचा सुळका आणि डावीकडची खिंड, दोन्हींच्या रेघा जिथे मिळतात तिथे त्या गावाची पांद (दोन कुंपणांमधली गाडीवाट) होती. तिच्या तोंडाशी पूर्वेला दार असलेलं एक घर. तिथल्या बाईने मला तीन आठवडे रोज ताक दिलं होतं, आणि एकदाच विचारलं होतं, पाणी कुठवर येईल. नकाशा माझ्या हातात होता. मी ताकाच्या तांब्याकडे बघून उत्तर दिलं होतं.

मी होडी थोडी उजवीकडे घ्यायला सांगितली, मग थांबवली.

"बबनराव, तुमचं घर इथे होतं. तुमच्या आईला उंबऱ्यापर्यंत सांगणारा तो माणूस मीच."

त्याने वल्ही आत घेतली. तो माझ्याकडे नाही, पाण्याकडे बघत होता.

"तवा म्हायती हुतं तुमाला?"

"होतं."

"मग आता तरी खरं सांगा. किती पानी हाय हितं?"

"धरण भरलं की दारावर साठ फूट."

त्याने ओंजळभर पाणी घेतलं, तिथेच सोडलं आणि होडी वळवली. उतरताना पायरी शेवाळलेली होती, तेव्हा त्याने माझा दंड धरला. मी आभार मानले, ते त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

परतीच्या बसमध्ये मुलीने विचारलं, बाबा, कंटाळलात का. नाही म्हणालो. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी माझ्याबद्दल सांगितलं होतं की सबंध नोकरीत यांची एकही मोजणी चुकली नाही. ते खरं आहे. त्या गावाचीही मोजणी बरोबरच होती.